एका काळीपिवळीत मावणारी माणसं

भंडारा शहरातून तुमसरकडे, साकोलीकडे, पवनीकडे काळीपिवळ्या सुटतात. गाडीत दहा माणसं बसली की बाहेरगावच्या प्रवाशाला वाटतं, झालं, भरली. चालकाला तसं वाटत नाही. "येऊ द्या ना जी अजून पाच-सहा," म्हणत तो गाडीला टेकून पन्नीत खर्रा घोटत राहतो. दहा माणसांवर त्याची गाडी हलत नाही.

हा लेख ज्या आकड्याकडे निघाला आहे तो आकडाही दहाच आहे. त्याची सुरुवात मात्र बारा लाखांपासून होते. मधला सगळा रस्ता साध्या गुणाकार-भागाकाराचा आहे, शाळेच्या वहीत करता येईल असा. आकडे खरे आहेत. ते भंडाऱ्याला लावण्याचं काम आपण करणार आहोत, म्हणून उत्तर अंदाजाचं असेल. पण अंदाज कुठल्या दिशेला बोट दाखवतो ते बघण्यासारखं आहे.

बारा लाखांतून सहा हजार चारशे

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ भरली. तालुके सात आणि दर पाच माणसांमागे चार खेड्यात राहणारी. यातली मुलंबाळं वगळून प्रौढ माणसं हिशेबासाठी आठ लाख धरू.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांत ३९,५३२ माणसांशी बोलून ते झालं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होता. म्हणजे भंडाऱ्याच्या उत्तरेला लागून बालाघाट ज्या राज्यात येतं ते राज्य मोजलं गेलं, पूर्वेला गोंदिया ओलांडलं की लागणारं राज्यही मोजलं गेलं, आणि मधली आपली झाडीपट्टी राहून गेली. म्हणून देशाचं प्रमाण उसनं घ्यायचं. शेजाऱ्याच्या पायलीने आपलं धान मोजण्यासारखंच हे.

त्या सर्वेक्षणानुसार प्रौढांमध्ये तीव्र मानसिक आजाराचं त्या वेळचं प्रमाण ०.८ टक्के निघालं. तीव्र म्हणजे स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जातकुळीतले आजार, उन्माद आणि नैराश्याच्या लाटा आणणारा बायपोलर, असे. नुसतं मन खट्टू होणं यात येत नाही. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, घरचेच विष घालतात असा पक्का ग्रह होणं, आठ दिवस झोप न लागता हातातले पैसे उधळत सुटणं, अशी ही दुखणी.

आठ लाखांचे ०.८ टक्के म्हणजे ६,४००.

हा आकडा जिल्ह्यावर पसरला की डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून तो एका गावात आणू. हजार प्रौढांचं गाव घ्या. तिथे अशी आठ माणसं असतील. आठही जणांना गाव ओळखतं. एकजण रोवणीच्या दिवसांत सगळ्यांच्या आधी बांधीत उतरायचा आणि आता पारावर एकटाच पुटपुटत बसतो. एकीला माहेरी आणून ठेवलं आहे. एकाच्या घरचे पाच वर्षं देवऋषाकडे खेटे घालतात. सरकारी दप्तरात ही माणसं शोधावी लागतात, गावात कुणालाही विचारलं तर बोट दाखवून सांगतील.

आठातले दोघे

या आठांमध्ये दारू पिणारे किती?

इथे जगभरचे आकडे आधी बघू. अमेरिकेत १९८० च्या दशकात २०,२९१ लोकांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९० मध्ये छापून आले. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचं किंवा इतर नशेचं व्यसन जडलं होतं. बायपोलरमध्ये हे प्रमाण ५६ टक्के होतं. पुढे २०१८ मध्ये स्किझोफ्रेनियावरचे वेगवेगळ्या देशांतले १२३ शोधनिबंध एकत्र करून १,६५,८११ माणसांचा हिशेब मांडला गेला. त्यात कुठल्याही नशेचं व्यसन ४१.७ टक्के, गांजाचं २६.२ टक्के आणि दारूचं २४.३ टक्के निघालं.

आपण फक्त दारूचा आकडा उचलू. ६,४०० चे २४.३ टक्के म्हणजे १,५५५. गावाच्या हिशेबात आठातले दोघे.

भारतात बाया दारू फारशा पीत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पुरुषांतलं पिण्याचं प्रमाण २७.३ टक्के होतं आणि बायकांतलं अवघं १.६. त्यामुळे आपला १,५५५ चा आकडा जास्त भरत असेल. ज्याला शंका आहे त्याने तो खुशाल निम्मा करावा. पुढचं गणित त्याने बदलत नाही, उलट अधिक बोचरं होतं.

तंबाखू तर या हिशेबात धरलाच नाही. वीस देशांतल्या ४२ अभ्यासांची २००५ मध्ये बेरीज केली तेव्हा स्किझोफ्रेनियाच्या दर शंभरातले ६२ जण धूम्रपान करणारे आढळले. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांतले ३.८ टक्के लोक बिडी-सिगारेट ओढणारे होते आणि २४.४ टक्के तंबाखू खाणारे. विदर्भात खाणं म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटायचा आणि गालात ठेवायचा.

बिडी आणि खर्रा यांतला फरक मनोविकाराच्या उपचारात फार मोठा आहे. क्लोझापीन नावाचं एक औषध आहे. इतर दोन-तीन औषधं हरली की ते देतात. बिडीच्या धुरातली काही द्रव्यं यकृतातल्या एका विकराला कामाला लावतात आणि ते विकर क्लोझापीन भराभर जाळून टाकतं. म्हणून बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. तोच माणूस दवाखान्यात भरती झाला, बिडी बंद झाली, आणि डोस तेवढाच राहिला, तर थोड्याच दिवसांत रक्तातलं औषध निम्म्याने वाढू शकतं. माणूस गुंगतो, लाळ गळते, फिट येण्याचा धोका वाढतो. खर्ऱ्यात निकोटिन भरपूर असतं, पण धूर नसतो, म्हणून हा परिणाम होत नाही. केसपेपरवर "तंबाखू: होय" एवढंच लिहिलं तर काहीच कळत नाही. बिडी की खर्रा, हे विचारावं लागतं. त्या एका प्रश्नावर गोळीचा डोस ठरतो.

दोन दारं

भंडाऱ्याचे १,५५५ लोक आता उपचाराला निघाले असं समजू. त्यांना दोन दुखणी आहेत आणि दोन दारं.

पहिलं दार मनोविकाराचं. ते आरोग्य खात्याचं आहे. १९८२ मध्ये देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम ठरला, १९९६ मध्ये तो जिल्हा पातळीवर चार जिल्ह्यांपासून उतरला आणि पसरत गेला. निम्हान्सच्या सर्वेक्षणात मनोविकृतीच्या रुग्णांपैकी ७५.५ टक्के लोक उपचारांबाहेर आढळले. आत होते २४.५ टक्के, चारातला एक.

दुसरं दार व्यसनमुक्तीचं. त्याची मुख्य जबाबदारी केंद्रात सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे. याच मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने १८६ जिल्ह्यांतल्या २,००,१११ घरांची आणि ४,७३,५६९ माणसांची पाहणी केली आणि २०१९ मध्ये अहवाल आला. देशात दारूच्या आहारी गेलेले सुमारे २ कोटी ९० लाख. त्यांच्यापैकी कुठलाही उपचार मिळालेला माणूस ३८ मध्ये एक. भरती होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक.

आता दोन्ही दारांतून किती जण आत जातात ते बघू. १,५५५ पैकी २४.५ टक्के पहिल्या दारातून आत जातात, म्हणजे ३८१. या ३८१ पैकी ३८ मध्ये एक दुसऱ्या दारातूनही जातो.

३८१ भागिले ३८. उत्तर १०.

बारा लाखांच्या जिल्ह्यात ज्यांच्या दोन्ही दुखण्यांवर उपचार चालू असतील अशी दहा माणसं. निम्मा आकडा धरणाऱ्याच्या वहीत पाच.

हा हिशेब करताना आपण एक गोष्ट गृहीत धरली की दोन्ही दारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तसं असेलच असं नाही. मनोविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात एखादा डॉक्टर दारूचंही विचारून औषध लिहीत असेल, तर दहाचे तीस होतील. उलट एखादं व्यसनमुक्ती केंद्र "याला आवाज ऐकू येतात, आधी डोक्याच्या डॉक्टरकडे न्या" म्हणून परत पाठवत असेल आणि डोक्याचा डॉक्टर "आधी दारू सोडवून आणा" म्हणत असेल, तर दहाचे तीन होतील. घरच्यांनाही हेच कोडं पडलेलं असतं. एक म्हणतो, दारूनं डोस्कं फिरलं. दुसरा म्हणतो, डोस्कं फिरलं म्हून दारू लागली. दोघं आयुष्यभर भांडतात आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं.

या गणितातली खरी मेख गुणाकारात आहे. चारातला एक हे प्रमाण वाईट आहे. अडतीसमधला एक त्याहून वाईट आहे. पण एकाच माणसाला दोन्ही दारं ओलांडायची असतील तर हे दोन आकडे एकमेकांत मिसळून सरासरी होत नाहीत, ते गुणले जातात. चार गुणिले अडतीस, १५२. दीडशे माणसांत एक. दुखणं दुप्पट झालं आणि उपचाराची शक्यता अडतीस पटींनी आटली.

दोन्ही मिळून काय होतं

दोन्ही दुखणी एकाच माणसात आली तर काय होतं, हे डेन्मार्कने मोजलं. तिथे प्रत्येक नागरिकाची जन्मापासून मृत्यूपर्यंतची सरकारी नोंद असते. स्किझोफ्रेनियाच्या ४१,४७० रुग्णांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासल्या. व्यसन नसलेल्या रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या ३.६३ पट होतं. ज्यांना आयुष्यात कधी व्यसन जडलं होतं त्यांचं ८.४६ पट.

डेन्मार्कमध्ये उपचार दारात येतात, तरी ही स्थिती आहे. आपल्या गावातल्या त्या दोघांना तर तालुक्याला जायलाच एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

नशा आधी की आजार आधी, या कोड्यातला एक आकडा स्वीडनचा आहे. तिथे लष्करात भरती झालेल्या ४५,५७० तरुणांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांनी भरतीआधी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहा पट निघालं. १९८७ मध्ये हे छापून आलं आणि तेव्हापासून कार्यकारणाचा वाद चालू आहे. आधीच आजाराच्या वाटेवर असलेली मुलं गांजाकडे वळली, की गांजाने त्यांना त्या वाटेवर ढकललं? बाजू कुठलीही घ्या, ज्याच्या डोक्यात आजाराचं बी आहे त्याच्यासाठी गांजा हे खतच ठरतं.

दारूची तर वेगळीच गंमत. रोज पिणाऱ्याने ती अचानक तोडली की दोन-तीन दिवसांत भ्रम सुरू होऊ शकतो. हातपाय थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाक मारतात. बघणाऱ्याला वाटतं हा वेडा झाला. मनोविकारतज्ज्ञ अशा वेळी कॅलेंडर बघतो. नशा आणि तिचा उतार संपल्यावरही साधारण एक महिना ही लक्षणं टिकली, तर मूळ आजार वेगळा असल्याचा संशय पक्का होत जातो. म्हणजे नुसतं निदान नीट व्हायलाच तीस दिवस दारूविना जावे लागतात. आणि ते तीस दिवस काढायला जागा हवी.

खाटांचा हिशेब

भंडाऱ्याच्या माणसासाठी मनोरुग्णालय म्हणजे नागपूर. १८६४ पासूनचं. त्याच्या नावाने शहरात एक चौकच ओळखला जातो, पागलखाना चौक. खाटा ९४०. राज्यात अशी चार रुग्णालयं: येरवड्याला २,५४० खाटा, ठाण्याला १,८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५. बेरीज ५,६९५.

विदर्भाची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख होती. ती ९४० खाटांत वाटली तर एका खाटेला २४,४६८ माणसं येतात. भंडाऱ्याच्या वाट्याला ४९ खाटा. आपल्या ६,४०० रुग्णांनी पाळीपाळीने झोपायचं ठरवलं तर एका खाटेवर १३० जणांचा नंबर. वर्षाचे ३६५ दिवस १३० जणांत वाटले की प्रत्येकाला तीन दिवसांपेक्षाही कमी. दारूचा भ्रम उतरायला लागण्याच्या आत पुढच्याला उठवायची वेळ येते.

खाटा हे या दुखण्याचं उत्तर नाहीच, हे जगभर मान्य झालं आहे. बहुतेक रुग्ण घरी राहून औषधांवर चालतात. मग डॉक्टरांचा हिशेब करू.

६,४०० रुग्ण, महिन्याला एक फेरी, वर्षाच्या ७६,८०० फेऱ्या. एक मनोविकारतज्ज्ञ दिवसाला ४० रुग्ण बघतो आणि वर्षात २५० दिवस काम करतो असं धरलं तर त्याच्या हातून १०,००० फेऱ्या होतात. म्हणजे फक्त या एका गटासाठी आठ तज्ज्ञ हवेत. देशाचं सरासरी प्रमाण लाखामागे ०.७५ तज्ज्ञ असं सांगितलं जातं, त्या दराने भंडाऱ्याला नऊ मिळायला हवेत. केरळच्या दराने चौदा. सर्वेक्षणाच्या वेळचा मध्य प्रदेशचा दर लाखामागे ०.०५ होता, त्या दराने भंडाऱ्याच्या वाट्याला अर्ध्याहून थोडा अधिक डॉक्टर येतो.

आठही मिळाले असं समजू. सहा तासांत ४० रुग्ण म्हणजे एकाला नऊ मिनिटं. वर्षभराच्या बारा फेऱ्यांची १०८ मिनिटं, दोन तासही नाहीत. झाडीपट्टीतलं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. या रुग्णाचा डॉक्टरशी वर्षभराचा संवाद त्यातल्या एका-दोन अंकांत संपतो. त्यात त्याने झोप, आवाज, भांडणं, गोळ्या, हातांची थरथर हे सगळं सांगायचं. दारूचा विषय निघायच्या आत पुढच्याचं नाव पुकारलं जातं.

किती बोलावं लागतं

औषधाने आवाज कमी होतात. दारूची ओढ बोलून, समजावून, धरून ठेवून कमी करावी लागते. त्याला किती वेळ लागतो?

इंग्लंडमध्ये मनोविकृती आणि व्यसन दोन्ही असलेल्या ३२७ जणांवर एक मोठा प्रयोग झाला आणि २०१० मध्ये त्याचा निष्कर्ष आला. वर्षभरात २६ पर्यंत बैठका, प्रशिक्षित मानसोपचारक, रुग्णाच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे. नशेचं प्रमाण काहीसं घटलं. पण पुन्हा भरती होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. २०१९ मध्ये अशा ४१ प्रयोगांचा आणि ४,०२४ माणसांचा एकत्र आढावा घेतला गेला. अमुक एक पद्धत निर्विवाद श्रेष्ठ आहे असं त्यातून निघालं नाही.

हे वाचून हात टेकावेसे वाटतात. थांबा, आधी खर्च बघू. २६ बैठका गुणिले १,५५५ म्हणजे ४०,४३०. एक समुपदेशक दिवसाला सहा बैठका घेऊन वर्षात १,५०० करतो. भंडाऱ्याला २७ समुपदेशक लागतील. हा प्रयोग जसाच्या तसा आपल्याकडे आणणं म्हणजे धानाच्या बांधीत सफरचंद लावणं.

आपल्या मातीतले प्रयोग वेगळे आहेत. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूचा त्रास असलेल्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी झाली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी बघितलं तर त्यांच्यातले ४२ टक्के लोक मागच्या पंधरवड्यात दारूला शिवले नव्हते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं. चार बैठकांच्या हिशेबाने भंडाऱ्याच्या १,५५५ जणांना ६,२२० बैठका लागतात, म्हणजे चार समुपदेशक. सत्तावीसचे चार.

सातारा, गोवा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर दुसरी चाचणी झाली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. इथेही गावपातळीवरचे कार्यकर्ते घरी जात, गोळ्यांची आठवण करत, कुटुंबाला समजावत. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा लक्षणं आणि अपंगत्व थोडं अधिक कमी झालं. आणि खुद्द विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत, नैराश्यासाठी गावकऱ्यांमधूनच फळी उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. सहा पट.

गोव्याच्या चाचणीत दारूत पूर्ण बुडालेले लोक घेतले नव्हते, मध्यम त्रासाचे घेतले होते. साताऱ्याच्या चाचणीचा विषय दारू नव्हता. म्हणजे या माणसाचं एक अर्धं अंग गोव्यात तपासलं गेलं आणि दुसरं साताऱ्यात. दोन्ही अर्धी जोडली की आठातले ते दोघे तयार होतात.

दहा वर्षांचं एकक

महाराष्ट्रात ही दोन दारं एकाच कुंपणात येण्याचा योग १९८६ मध्ये आला होता. येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. ते सुरू झालं मनोरुग्णालयाच्याच आवारात. गर्द म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्यातली मुलं आणि मनोविकाराचे रुग्ण यांच्यात तेव्हा एका आवाराचं अंतर होतं.

कायद्याने तर दार केव्हाच एक केलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या दिली आहे आणि दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्या व्याख्येत घेतल्या आहेत. २०१८ पासून तो लागू आहे. कागदावर आजार एक, खाती दोन.

एकाच चमूने दोन्ही आजार एकत्र हाताळले तर काय होतं, याचा लांब पल्ल्याचा दाखला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा आहे. तिथे स्किझोफ्रेनिया आणि व्यसन दोन्ही असलेल्या १३० जणांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांनी ६२ टक्क्यांच्या आसपास लोक व्यसनातून बाहेर होते, जवळपास तेवढ्यांचीच लक्षणं आटोक्यात होती, आणि ४१ टक्के पगारी नोकरी करत होते. सगळे सुधारले नाहीत. पण दहा वर्षांपूर्वी त्यांना कुणी नोकरीवर ठेवलं नसतं.

दहा वर्षं म्हणजे १२० महिने. भंडारा ते नागपूर साधारण ६० किलोमीटर, जाऊन-येऊन १२०. दर महिन्याला एक फेरी तर दहा वर्षांत १४,४०० किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. म्हणजे एका रुग्णाची आई त्याला घेऊन जमिनीतून आरपार जाऊन पलीकडे निघते आणि वर दीड हजार किलोमीटर चालते. अशा तिघींच्या फेऱ्या जोडल्या की पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होऊन उरते.

म्हणून जवळचं दार महत्त्वाचं. रोजच्या गोळीच्या जागी महिन्याचं इंजेक्शन चालणारा रुग्ण असेल तर वर्षाच्या ३६५ आठवणींच्या बारा होतात, आणि ते टोचायला नागपूर लागत नाही, नर्स लागते. मानसिक आरोग्यासाठी २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. व्यसनासाठी १४४४६ आहे. शेवटून दुसरा आकडाच काय तो वेगळा, पण दारं अजून दोन.

भागाकार पुसला तर

आता पुन्हा त्या दहाकडे जाऊ.

१,५५५ चे ३८१ झाले तो पहिला भागाकार. तो पुसायला आठ तज्ज्ञ हवेत, खाटा हव्यात, गावोगाव कार्यकर्ते हवेत. वर्षांचं काम आहे ते.

३८१ चे १० झाले तो दुसरा भागाकार. हे ३८१ जण आधीच दवाखान्यात येतात. त्यांच्या नावाचा केसपेपर आहे. नऊ मिनिटांसाठी ते खुर्चीत समोर बसलेले आहेत. त्यांच्या बाबतीत ३८ ने भागायला लावणारी गोष्ट एवढीच की दारूवरचा उपचार दुसऱ्या दारात मिळतो, आणि तिकडे जा असं सांगितलेला माणूस तिकडे जात नाही. चार समुपदेशकांपैकी एक जण त्याच खोलीच्या शेजारी, त्याच दिवशी, त्याच केसपेपरवर बसला, तर हा भागाकार करायची वेळच येत नाही. चार बैठकांच्या दराने ३८१ जणांच्या १,५२४ बैठका होतात. एका माणसाच्या वर्षभराच्या कामात त्या जवळजवळ बसतात.

एक जास्तीचं टेबल आणि एक समुपदेशक, एवढ्यावर दहाचे ३८१. अडतीस पट. चार बैठकांनी सगळे सुधारतील असं कुणी म्हणत नाही. जे मोजमाप वर दिलं ते सांगतं की काही सुधारतील, काही पुन्हा पितील, आणि हिशेब दहा वर्षांनीच मांडायचा असतो. पण सुधारण्याची संधी दहा जणांना देणं आणि ३८१ जणांना देणं यांतलं अंतर पैशाचं कमी आणि टेबल कुठे मांडलं याचं जास्त आहे.

उलट बाजूनेही हेच. व्यसनमुक्तीच्या केंद्रात नाव लिहून घेताना "काका, कुणी नसताना कानात आवाज येतात का?" एवढं विचारायचं. मनोविकाराच्या खोलीत "काका, दिवसाला किती लागते? आणि बिडी की खर्रा?" एवढं विचारायचं. दोन्ही प्रश्न मिळून अर्धं मिनिट जातं. नऊ मिनिटांतून ते काढता येतं.

दहा माणसांवर काळीपिवळी हलत नाही, हे चालकाला ठाऊक आहे. ३८१ माणसांना त्याची गाडी पुरायची नाही, नऊ एसट्या लागतील. आणि त्या नऊ गाड्यांतल्या प्रत्येकाकडे दवाखान्याचा केसपेपर आजही आहे, फक्त त्यावर दारूचा रकाना कोरा आहे.